दुसऱ्याच्या डावातला मल्हार

मल्हार मारकडला क्रिकेटच्या मैदानावरून हाकलून दिलं नसतं, तर बेसबॉल नावाचा खेळ असतो हेसुद्धा त्याला कळलं नसतं.

बारामतीच्या कॉलेजात तो नुकताच आला होता. बावड्याजवळच्या वस्तीवरून अंधारातच निघायचं, इंदापूरला एसटी बदलायची आणि पहिला तास बुडवून कॉलेज गाठायचं, असा त्याचा रोजचा क्रम. क्रिकेटच्या संघाची निवड आहे असं कळलं म्हणून तोही रांगेत उभा राहिला. त्याचा पहिला चेंडू फलंदाजाला दिसलाच नाही. दुसरा कीपरच्या हातातून निसटून थेट कुंपणाला लागला. तिसरा टाकायच्या आत निवड करणारे सर ओरडले, "ए, थांब! बॉलिंग टाकतोयस का दगड मारतोयस? कोपरात वाकतोय हात तुझा. हे असलं चालत नाही. चल, पुढचा!"

सर बोलले त्यात खोटं काही नव्हतं. मल्हारचा हात दगड मारूनच तयार झाला होता. मारकडांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. त्याचे वडील तात्याबा दिवाळी सरली की कळप घेऊन घाट उतरायचे, कोकणात पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राहायचे. पोरगं शाळेत जायला लागल्यावर त्यांनी कळप मोडला आणि नीरेकाठच्या जमिनीत ऊस लावला. तरी थोडी मेंढरं दारात राहिलीच, आणि ती राखायचं काम मल्हारकडं आलं. भरकटलेलं मेंढरू वळवायला दगड मारायचा, पण तो मेंढराला लागू द्यायचा नाही, त्याच्या पुढ्यात पाडायचा. तात्याबांनी एवढं एकच शिकवलं, आणि पोरानं ते असं उचललं की पार लांबच्या बांधावरचं मेंढरूसुद्धा जागेवर थबकायचं.

मान खाली घालून तो मैदानाच्या कडेनं निघाला, तर लिंबाखाली पाच-सात पोरं हातात भलेमोठे चामडी मोजे घालून चेंडू झेलत होती. त्यांच्यातला एक मध्यमवयीन, शिट्टीवाला माणूस हसत म्हणाला, "फेकतोस म्हणून हाकललं का रं? मग इकडं ये. आमच्यात फेकावंच लागतं."

हे रामहरी सर. बेसबॉलचे मास्तर. त्यांनी मल्हारच्या हातात चेंडू दिला आणि समोर उकिडव्या बसलेल्या एका थोराड पोराकडं बोट दाखवलं. तो पणदऱ्याचा ऋतिक. घरी गाई-म्हशी, दुधाचा धंदा. सकाळी धारा काढून, डेअरीला दूध घालून मग कॉलेजला यायचा, त्यामुळं अंगाला कायम सरकी पेंडीचा वास. मल्हारनं सगळा जीव लावून चेंडू फेकला. ऋतिकनं तो झेलला, मोजा काढला आणि लालबुंद तळहात सगळ्यांना दाखवत म्हणाला, "आयला, हाताची भाकरी थापली की रं माझ्या!"

त्या दिवसापासून दोघं एकमेकांना चिकटले.

क्रिकेटमध्ये गोलंदाज आलटून पालटून येतात. बेसबॉलमध्ये तसं नाही. एकच पिचर सुरुवातीपासून चेंडू टाकत राहतो. तो दमला किंवा त्याला मार बसायला लागला की मग त्याला काढून दुसरा आणतात. हा दुसरा येतो तेव्हा मैदानावर आधीच आग लागलेली असते. प्रतिस्पर्ध्यांची माणसं बेसवर, म्हणजे धाव घेताना गाठायच्या टप्प्यांवर, चढून बसलेली, एक चूक झाली की धावा. ह्या दुसऱ्याला म्हणतात रिलीफ पिचर. रामहरी सरांनी मल्हारला तेच काम दिलं. "तुझ्याकडं दोनच तऱ्हेचे चेंडू हायेत, आन दम थोडा हाय," सर म्हणाले. "पण समोर घोळ झाला की तुझं डोकं थंड पडतं. घोळ घालणारे आपल्याकडं मायंदाळ हायेत. तू निस्तरणारा."

आणि खरंच तसं झालं. विद्यापीठ, जिल्हा, राज्य. दुसऱ्यानं करून ठेवलेल्या घोटाळ्यात मल्हार जायचा आणि तो मिटवून यायचा. समोर झेलायला ऋतिक. कठीण प्रसंगी ऋतिक पंचांना हात करून वेळ मागायचा आणि गंभीर तोंड करून पिचरच्या उंचवट्यावर जायचा. बघणाऱ्यांना वाटे, काहीतरी मोठा डाव आखतायत. प्रत्यक्षात ऋतिक सांगत असायचा, "आमची खिलारी गाय व्यायला झालीय, लवकर आटप."

पंजाबातल्या एका राष्ट्रीय स्पर्धेत एक परदेशी माणूस मल्हारचे चेंडू बघत दोन दिवस बसून राहिला. आखातातल्या एका शहरात हिवाळ्यात व्यावसायिक बेसबॉलची छोटी लीग भरायची. देशोदेशींचे खेळाडू करारावर घेतले जायचे. त्या लीगमध्ये मल्हारला बोलावणं आलं. बावड्याच्या चौकात फ्लेक्स लागला. त्यावर मल्हारचा फोटो, हातात कुणाची तरी क्रिकेटची बॅट चिकटवलेली, आणि खाली 'आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटू' म्हणून अभिनंदन. मल्हारनं ते दुरुस्त करा म्हणून दोघांना सांगितलं. ते म्हणाले, "असू दे रं, लोकांना कळतंय."

जाण्याच्या आदल्या दिवशी आईनं, साखरबाईनं, चुलीपुढं बसून विचारलं, "तितं जाऊन नेमकं करणार काय तू?"

"चेंडू फेकणार, आये."

"रोज?"

"रोज न्हाय. आधीचा फेकणारा दमला की मी जायाचं."

"म्हंजी बदलीवरचा गडी," साखरबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"व्हय. तसंच."

पहिला हंगाम बरा गेला. कुंपणामागच्या छोट्या पिंजऱ्यात सगळी मॅच बसून राहायचं. भिंतीवरचा फोन वाजला की कोच कुणाचं तरी नाव घ्यायचा. आपलं नाव आलं की पळत मैदानात. डाव वाचला तर पेपरात पहिल्या पिचरचं नाव यायचं. बुडाला तर मल्हारचं. त्यानं कधी कुरकुर केली नाही. पण दुसऱ्या हंगामात उजवं कोपर दुखायला लागलं, चेंडूचा वेग थोडा उतरला, आणि शेवटच्या सामन्यात त्याच्या एका चेंडूवर असा टोला बसला की सगळं स्टेडियम उभं राहिलं. निघताना संघाच्या मॅनेजरनं स्पष्ट सांगितलं की पुढच्या वर्षी यायचं ते परीक्षेवर. पहिल्या दोन आठवड्यांत काहीतरी नवीन दिसलं पाहिजे, नाहीतर रामराम.

घरी आल्यावर मल्हारच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. वय वाढत होतं, बरोबरीची पोरं कुठं ना कुठं चिकटली होती. ऋतिकचंही मार्गी लागत आलं होतं. खेळाडूंच्या कोट्यातून तो पोलीस भरतीला बसला होता. मैदानी झाली, लेखी झाली, फक्त मेडिकल राहिलं होतं. मल्हारनं नवा चेंडू शिकायला घेतला. सरळ येता येता शेवटच्या क्षणी उजव्या हाताच्या बॅटरच्या अंगाकडं वळणारा. नीट पडला तर बॅटरला हात मोकळे करायला जागाच मिळत नाही. चुकला तर मात्र तो चेंडू माणसाच्या अंगावरच जातो.

ऑक्टोबरच्या उन्हात ते दोघंच कॉलेजच्या मैदानावर होते. रामहरी सर एका बारशाला सोलापूरकडं गेले होते. त्यांचा नियम होता, हेल्मेट घातल्याशिवाय बॅट हातात घ्यायची नाही. मल्हार म्हणाला, "नुसतं झेलून कळत न्हाय. पुढं बॅटर पायजे. बॅट घेऊन उभा राहा की."

ऋतिक उभा राहिला. थोड्या वेळानं घामानं चिंब झाला, तसं त्यानं हेल्मेट काढून जाळीच्या खांबाला अडकवलं.

"हेल्मेट घाल," मल्हार म्हणाला.

"तू काय मला मारणार हायेस व्हय रं?" ऋतिक हसला. "टाक. अजून आत घे. आत घेतल्याबिगर त्यांना काय नवीन दिसणार?"

मल्हारनं घेतला आत. हातातून सुटतानाच त्याला कळलं होतं. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. ऋतिकनं तोंड फिरवलं ते चेंडूच्याच दिशेला. ओल्या भिंतीवर काहीतरी आपटावं असा आवाज झाला आणि तो गुडघ्यावर बसला. डाव्या डोळ्यावर दाबलेल्या बोटांतून रक्त कोपरापर्यंत उतरत होतं. तो ओरडत नव्हता. नुसता म्हणत होता, "काय दिसत न्हाय रं. मल्ह्या, काय दिसत न्हाय."

रस्त्यावरची रिक्षा थांबवून मल्हारनं त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून लगेच पुण्याला हलवायला सांगितलं. पुण्यात ऑपरेशन झालं. ऋतिकचे वडील कधीच वारले होते, घरात आई कुशाबाई आणि तो, दोघंच. कुशाबाई गोठ्यातल्या कपड्यांवरच आली होती. ती हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक नर्सकडं बघत होती. मल्हार जिन्यापाशी उभा होता. वरच्या खोलीत पट्टी बांधलेला ऋतिक झोपला होता, आणि मल्हार त्या खोलीत गेला नाही.

त्याचं विमान चार दिवसांवर आलं होतं. रामहरी सर धावत आले, म्हणाले, "पट्टी सुटूस्तोवर थांब. लीगवाल्यांशी मी बोलतो."

"करार जाईल, सर."

"जाऊ दे गेला तर."

"न्हाय जमायचं, सर."

करार जाईल हे खरंच होतं. पण मल्हार त्यासाठी गेला नाही. पट्टी सुटेल तेव्हा ऋतिक काय म्हणेल, ह्या भीतीनं तो गेला. हे त्याला विमानात बसल्यावर पुरतं उमगलं, आणि मग उतरता येत नव्हतं.

तिकडं पोचल्यावर सरांचा फोन आला. डावा डोळा गेला होता. मेडिकलचा प्रश्नच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरावाला त्यानं चेंडू हातात घेतला आणि समोरच्या कॅचरकडं फेकला, तो मधेच जमिनीवर आपटला. पुन्हा फेकला, तो कॅचरच्या डोक्यावरून गेला. पोरं हसली, त्यांना वाटलं प्रवासाचा शीण आहे. आठवडाभर हेच. आयुष्यात पहिल्यांदा त्याला प्रश्न पडला की चेंडू सोडायचा नेमका कधी? जे हात आपोआप करत आला होता, त्याचा विचार करावा लागायला लागला, आणि विचार केला की बोटं चेंडूला धरूनच बसायची. डॉक्टरांनी कोपर तपासलं, खांदा तपासला. सगळं ठीक, म्हणाले. म्हातारा परदेशी कोच चांगला माणूस होता. त्यानं मल्हारला एकट्याला भिंतीवर चेंडू मारायला लावले. भिंतीवर चेंडू बरोबर जात होते. समोर माणूस आला की जात नव्हते.

एका सामन्यात फोन वाजला आणि त्याचं नाव आलं. तिन्ही बेसवर माणसं. समोर उजव्या हाताचा बॅटर, हेल्मेट घातलेला, अनोळखी, गोरापान. मल्हारला त्याच्या जागी ऋतिक दिसला असं नाही. त्याला दिसला तो फक्त त्या माणसाचा डावा डोळा. हेल्मेटच्या कडेखालचा तेवढाच उघडा भाग. त्यानं टाकलेला एकही चेंडू बॅटच्या आसपास गेला नाही. सगळे बाहेर, लांब, कॅचरनं उड्या मारूनही हाती न येणारे. असे चार चेंडू बाहेर गेले की बॅटरला फुकट बेस मिळतो; तिन्ही बेस भरलेले, म्हणून फुकट धावा गेल्या. कोच चालत आला, त्यानं मल्हारच्या मुठीतून चेंडू हळूच सोडवून घेतला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या आठवड्यातच त्याला मोकळं केलं.

तो बावड्याला परतला तेव्हा ऊसतोड जोरात होती. साखरबाईनं ताट वाढलं. तात्याबांनी विचारलं, "आलास?" आणि ते बैलांना वैरण टाकायला गेले. त्यांच्या वागण्यात राग दिसत नव्हता. पण ते पोराकडं बघतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मल्हार पणदऱ्याला गेला. कुशाबाई गोठ्यात कडबा कापत होती. त्याला बघून तिनं विळा खाली ठेवला नाही.

"काकू," मल्हार म्हणाला.

"तुझ्या बापानं कायच सांगितलं न्हाय वाटतं तुला," कुशाबाई म्हणाली. "तू गेलास, आन दुसऱ्या दिशी त्यो माणूस दवाखान्यात हजर. खांद्यावर घोंगडी. मी वळखतबी नव्हते. म्हणला, मी मल्हारचा बाप. जिन्याखाली घोंगडी आथरली आन पट्टी सुटूस्तोवर तितंच ऱ्हायला. औषधं आणायचा, डबा आणायचा. माझ्या पोराला धरून लघवीला न्यायचा. मी म्हणलं, तात्याबा, जावा आता घरला, तुमचीबी कामं आसत्याल. तर म्हणला, पोरगं बसाया पायजे हुतं. ते न्हाय बसलं, तर बापानं तरी बसाया नगं का?"

मल्हार घराच्या दाराकडं दोन पावलं गेला.

आतून ऋतिकचा आवाज आला, "आये, त्याला म्हणावं, जा."

"ऐकलंस न्हवं?" कुशाबाई म्हणाली आणि पुन्हा कडबा कापायला लागली.

संध्याकाळी वस्तीवर मल्हार तात्याबांच्या समोर बसला. "आबा, तुमी दवाखान्यात हुता. मला का न्हाय सांगितलं?"

तात्याबांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "सांगायचं हुतं ते तुज्याकडं हुतं. तू फोन करून एकदा तरी म्हणलास का, आबा, मला भ्या वाटतंय? म्हणला आसतास, तर मी म्हणलो आसतो, माघारी ये."

त्यानंतर मल्हारनं चेंडूला हात लावला नाही. ट्रॅक्टरवर बसायचा, उसाच्या मोळ्या भरायचा, कारखान्यावर रांगेत गाडी घेऊन थांबायचा. चौकातला फ्लेक्स उन्हानं पांढरा पडला होता. चहाच्या टपरीवर लोक हळहळायचे. "काय पोरगं हुतं! त्या पणदऱ्याच्या पोरापायी वाटुळं झालं बघा. हेल्मेट घालाया काय झालं हुतं त्येला?" मल्हार तिथंच बसलेला असायचा. तो काही बोलायचा नाही. ऐकायला त्याला बरं वाटायचं असं नाही, पण खोडून काढावं असंही त्याला कधी वाटलं नाही. बशीतला चहा संपवून तो उठायचा.

बारामती-इंदापूरच्या भागात बोलणं एका जागी राहत नाही. ते बाजारच्या दिवशी पणदऱ्याला पोचलं.

एका सकाळी साखरबाई अंगण झाडत होती आणि वस्तीच्या वाटेनं ऋतिक चालत आला. काळा चष्मा, अंगानं उतरलेला. अंगणाच्या पायरीचा त्याला अंदाज आला नाही, तो ठेचकाळला. मल्हार पुढं धावला, तसा त्यानं हात झटकला.

"धरू नगं. बोलायला आलोय."

तात्याबा खाटेवरून उठून बसले.

"डोळा माझा गेला," ऋतिक म्हणाला. "भरती माझी गेली. आन गावगन्ना बोललं जातंय, मल्हारचं वाटुळं झालं. माझ्यापायी."

"मी तसं कधी म्हणालो न्हाय."

"'तसं न्हाय' असं तरी म्हणालास का कुठं?"

तात्याबांनी मल्हारकडं पाहिलं, आणि त्या नजरेनं त्याला स्वतःला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"माझ्या डोळ्याचं नाव सांगून तू हात बांधून बसणार आसशील, तर त्ये मला नगं," ऋतिकचा आवाज चढला. "माझं वझं मी वाहतोय. वर तुझ्या हाताचंबी वझं मीच वाहू व्हय रं?"

"हात खरंच चालत न्हाय, ऋतिक. तुझ्या गळ्याशपथ. फेकायला गेलं की बोटं सुटत न्हाईत."

"मग न चालणारा हात घेऊन ये. पण मैदानावर ये. माणसांना दिसू दे कसा चालत न्हाय त्यो."

साखरबाईनं चहा आणून ठेवला. ऋतिकनं तो उभ्यानंच प्याला. जाताना तात्याबा त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेले, त्याच्या डाव्या बाजूनं चालत, आणि ऋतिकनं त्यांचा हात मात्र झटकला नाही.

मल्हार पुन्हा बारामतीला जायला लागला. सकाळी ट्रॅक्टर, दुपारनंतर मैदान. ऋतिकला आता वेगाचा चेंडू झेलता येत नव्हता. एका डोळ्याला तो किती लांब आहे हेच कळत नाही. म्हणून रामहरी सर स्वतः गुडघे टेकून बसायचे आणि ऋतिक जाळीमागं उभा राहायचा. पहिले काही दिवस तर सरांच्या नडग्या सुजल्या. हळूहळू चेंडू सरांपर्यंत पोचायला लागले, पण सगळे बाहेरच्या बाजूनं. बॅटर उभा केला की आणखी बाहेर. वेग तर निम्म्यावर आला होता. ऋतिक कधी शाबास म्हणाला नाही. "बाहेर," एवढंच म्हणायचा. "परत बाहेर." पूर्वीची चेष्टामस्करी नव्हती. मैदान सुटलं की तो पणदऱ्याच्या वाटेला लागायचा आणि मल्हार स्टँडच्या.

उन्हाळा सरता सरता जिल्हा स्पर्धा बारामतीत भरली. पुण्याच्या संघाविरुद्ध बारामती. तात्याबा पटका बांधून आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते हा खेळ बघत होते. शेवटून दुसऱ्या डावात बारामतीचा पिचर ढेपाळला. तिन्ही बेस भरले. रामहरी सरांनी मागं वळून मल्हारकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली.

पहिल्या बॅटरला त्यानं चारही चेंडू बाहेर टाकले. फुकट धाव गेली. लोकांतून कुणीतरी म्हणालं, "हाच का तो दुबईवाला?" आणि हशा पिकला. दुसरा बॅटर आला. उजव्या हाताचा, कोवळा, मिसरूड फुटलेला पोरगा. बाकावरून ऋतिकनं कॅचरला खूण केली. आत. मल्हारनं मान हलवली, नाही. पुन्हा खूण आली. पुन्हा नाही. तेव्हा ऋतिकनं सरांना काहीतरी सांगितलं, सरांनी पंचांकडं वेळ मागितली, आणि ऋतिक चालत उंचवट्यावर आला.

"आत टाक," तो म्हणाला.

"न्हाय टाकणार. वाट्टेल ते सांग."

ऋतिकनं चष्मा काढला. इतक्या जवळून मल्हारनं तो डोळा अजून पाहिला नव्हता.

"बघ नीट. त्येच्या डोक्यावर हेल्मेट हाय. माझ्या नव्हतं. त्यो गाढवपणा माझा, त्यो माझ्याकडं ऱ्हाऊ दे. पळून गेलास, त्यो तुझा. त्यो तू ठेव. त्या पोराचा ह्यात काय संबंध न्हाय. त्यो खेळायला आलाय. खेळ त्याच्याशी."

चष्मा घालून तो वळला आणि परत गेला. वाटेत त्यानं मागं पाहिलं नाही.

मल्हारनं चेंडू पाठीमागं धरून फिरवला. मग हात वर नेला आणि टाकला. तो आत गेला. पोरानं हात आखडून बॅट फिरवली, चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागला आणि घरंगळत मल्हारच्याच पायाशी आला. त्यानं तो उचलून कॅचरकडं टाकला. धाव पुरी करायला कॅचरपाशी पळत आलेला खेळाडू बाद झाला. टाळ्या पडल्या, थोड्याच.

पुढच्यानं त्याच्या चेंडूवर सणसणीत टोला मारला आणि दोन धावा निघाल्या. मग कसाबसा तो डाव संपला. बारामती हरली.

मल्हार लिंबामागं जाऊन ओकला. पोटात होतं नव्हतं ते सगळं पडलं. मान वर केली, तर ऋतिक पाण्याची बाटली घेऊन उभा होता. "चूळ भर," तो म्हणाला, आणि बाटली खाली ठेवून निघून गेला.

परतीच्या एसटीत तात्याबांनी विचारलं, "जिकला का?"

"न्हाय, आबा. हरलो."

"बरं," तात्याबा म्हणाले. लासुर्ण्याचा थांबा गेल्यावर म्हणाले, "त्यो पोरगा तुला काय म्हणला, मधी आला तवा?"

मल्हारनं सगळं जसंच्या तसं सांगितलं. तात्याबांनी ऐकून घेतलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. इंदापूर येईपर्यंत तो हात तिथंच होता.

लीगचं बोलावणं पुन्हा आलं नाही. मल्हारनंही वाट बघितली नाही. वालचंदनगरजवळच्या एका शाळेत तो आता खेळाचा मास्तर आहे, कंत्राटी. जिल्ह्याकडून खेळतो. अजूनही फोन वाजावा तसं त्याचं नाव मधेच पुकारलं जातं आणि तो दुसऱ्यानं केलेला घोळ निस्तरायला जातो. काही दिवशी निस्तरतो. काही दिवशी बोटं सुटतच नाहीत, आणि तेव्हा तो स्वतःच सरांना खूण करून बाहेर येतो. टपरीवर कुणी जुना विषय काढला तर तो चहा खाली ठेवतो आणि सांगतो, "चेंडू माझा हुता. ऋतिकचं नाव घ्यायचं न्हाय." लोक विषय बदलतात.

ऋतिकनं दुधाचा धंदा वाढवला. रविवारी कॉलेजच्या मैदानावर नव्या कॅचरना शिकवतो. दोघांचं बोलणं होतं, कामापुरतं. खिलारी गाईचे निरोप पुन्हा कधी आले नाहीत.

मागच्या वैशाखात पणदऱ्याला ऋतिकचं लग्न झालं. तात्याबांना कुशाबाईनं स्वतः येऊन अक्षता दिल्या होत्या. मल्हार सकाळपासून पंगतीत वाढत होता. फोटोच्या वेळी रामहरी सरांनी जुनी टीम स्टेजवर बोलावली. फोटोग्राफर ऋतिकला म्हणाला, "साहेब, थोडं उजवीकडून घेतो, तोंड तिकडं वळवा, चष्मा पण चांगला दिसेल." ऋतिकनं चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाला, "समोरूनच घे." मल्हार टोकाला होता, तो हळूच बाजूला सरकायला लागला. ऋतिकनं न बघताच त्याच्या मनगटाला धरलं आणि म्हणाला, "उभा राहा गप."

तो फोटो कुशाबाईच्या ओटीवर लावलेला आहे. नवरा-नवरी समोर बघतायत. मल्हारची नजर खाली, आपल्या मनगटाकडं आहे.